नाव झाकून कथा वाचा
(वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



विज्ञानकथा आणि अद्भुतकथा हा विषय शाळेच्या व्यासपीठावर थोडा चमत्कारिक वाटेल. परंतु आज मला माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीविषयी बोलायचे आहे, आणि ती चूक ह्याच विषयाशी निगडित आहे.

काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीच्या गृहपाठाच्या वहीत, मागच्या पानांवर, मला एक कथा आढळली. गावातील विहिरीला वाचा फुटते आणि आपल्यात किती दिवसांचे पाणी उरले आहे हे ती लोकांना सांगू लागते, अशी सुरुवात होती. मी पहिला परिच्छेद वाचला, तांबड्या शाईने 'अभ्यासाकडे लक्ष द्यावे' असा शेरा मारला आणि वही परत केली. पुढच्या वेळी वही आली तेव्हा ती पाने फाडलेली होती. कथा कोणाची आहे ते मी पाहिले. कथा काय आहे ते पाहिले नाही.

आता दुसऱ्या एका लेखिकेची हकीकत ऐका. रोकेया सखावत हुसेन ह्यांचा जन्म 1880 सालचा, बंगालमधला. मुलींना शाळेत पाठविण्याची घराची रीत नव्हती. थोरल्या भावाने रात्री घर निजल्यावर दिव्याच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकविले. पुढे भागलपूरला असताना, पती सरकारी कामानिमित्त फिरतीवर गेलेले, तेव्हा वेळ घालविण्यासाठी त्यांनी इंग्रजीत एक कथा लिहिली. पती परतले आणि त्यांनी ती उभ्या उभ्याच वाचून काढली. बसायचेही भान राहिले नाही! 'सुलतानाज ड्रीम' ही ती कथा 1905 साली मद्रासच्या एका मासिकात छापून आली.

कथेत स्त्रियांचा एक देश आहे. तेथे पुरुष घराच्या आत राहतात आणि बाहेरचा कारभार स्त्रिया पाहतात. तेथील एका विद्यापीठाने वातावरणातले पाणी खेचून घेणारा फुगा बनविला आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठविण्याची युक्ती काढली आहे. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, चुलीचा धूर नाही. लोक हवेतून जाणाऱ्या गाडीने प्रवास करतात. राईट बंधूंचे विमान 1903 च्या डिसेंबरात उडाले होते, हे ध्यानात घ्या. रोकेयांपाशी ना प्रयोगशाळा होती, ना पदवी. होते ते वाचन, आणि 'असे झाले तर?' हा एक प्रश्न.

हा प्रश्नच विज्ञानकथेचे बीज होय. अरबी कथांतला गालिचा उडतो तेव्हा तो कसा उडतो हे आपण विचारीत नाही, ती अद्भुतकथा. रोकेयांची गाडी उडते तेव्हा हायड्रोजनच्या गोळ्यांनी ती हलकी होते असे त्या सांगतात, ती विज्ञानकथा. दोहोंना आपापला मान आहे. मात्र लेखकाने स्वतःच घातलेला नियम मध्येच मोडता कामा नये.

आता आपल्या मराठीतला दाखला. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. पहिले पारितोषिक 'कृष्णविवर' ह्या कथेला मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. त्यांना 1965 सालीच पद्मभूषण मिळालेले होते, जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना त्यांचे नाव ठाऊक होते. नाव दिसते तर परीक्षकांच्या मनावर त्याचे दडपण आले असते. म्हणून त्यांनी मोठे नाव बाजूला ठेवले आणि कथेला एकटीला परीक्षेस बसविले. 2025 साली ते आपल्यातून गेले, पण हा धडा मागे राहिला आहे.

स्वतंत्र लेखक म्हणजे दुसरे काय? कोणाची नक्कल न करणारा, आणि कोणाच्या नावाचा वा वशिल्याचा आधार न घेणारा. परंतु असा लेखक उभा राहायचा तर तसाच स्वतंत्र वाचकही हवा. परीक्षण म्हणजे नुसती स्तुती नव्हे आणि दोष काढणेही नव्हे. विद्यार्थ्यांनो, कथा वाचून झाली की तीन प्रश्न विचारा. लेखकाने कोणती एक गोष्ट गृहीत धरली? ती शेवटपर्यंत पाळली का? आणि त्या गोष्टीमुळे माणसांचे जगणे कसे बदलले?

रोकेयांच्या कथेलाच हे प्रश्न लावून पाहू. गृहीत गोष्ट स्पष्ट आहे आणि ती शेवटपर्यंत पाळलीही आहे. परंतु उष्णतेचे किरण शत्रूवर नेमके कसे रोखले, हे त्या सांगत नाहीत. त्या देशात कोणाला दुःख आहे असेही दिसत नाही. अर्ध्या समाजाला कोंडून ठेवणे अन्याय असेल, तर दुसऱ्या अर्ध्याला कोंडणे न्याय कसा, असाही प्रश्न पडतो. आणि हा प्रश्न पडला की आपल्या ध्यानात येते, लेखिकेला आपल्याकडून हेच विचारून घ्यायचे होते. दोष दाखवूनही कथेची थोरवी कमी होत नाही. उलट ती नीट कळते.

पालकांना माझी विनंती आहे. मुलाच्या वहीत कथा दिसली तर 'ह्याला गुण किती?' असे विचारू नका. शेवटपर्यंत वाचा आणि एक खरा प्रश्न विचारा. रोकेयांनी 1911 साली कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन शाळा सुरू केली आणि 1932 साली मृत्यू येईपर्यंत ती सांभाळली. कथा लिहिणारा हात कामाला निरुपयोगी ठरतो, असे कोणी म्हणू नये.

आणि विद्यार्थ्यांनो, ह्या वर्षी आपण हस्तलिखित काढू. कथेवर नाव नको. नाव बंद पाकिटात राहील. प्रत्येक कथेवर वर्गातल्या दोघांनी दहा ओळींचे परीक्षण लिहायचे. सर्व कथा मी वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि तांबडी शाई घरी ठेवून.

त्या विहिरीने गावाला पुढे काय सांगितले, हे मला आजही ठाऊक नाही. तशी दुसरी कथा माझ्या हातून हरवू नये, एवढीच माझी इच्छा आहे.