तेलाच्या गाळांतील धन

दिवाळीच्या सुमारास माजलगांव किंवा गेवराईच्या बाजारांत उभें राहिलें, म्हणजे कापसाच्या गाड्यांची रांग दृष्टीस पडते. रुई निघाली कीं मागें सरकी उरते. अंबाजोगाई-केज भागांत सोयाबीनच्या राशी दिसतात. बीड जिल्ह्याच्या या दोन पिकांपासून तेल आणि पेंड मिळते, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेल शुद्ध करतांना जें मागें राहतें, ज्याला आपण गाळ म्हणून नाक मुरडतों, त्याविषयीं आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

बियांतून निघालेलें कच्चें तेल म्हणजे निव्वळ तेल नव्हे. सोयाबीनच्या तेलांत थोडें ऊन पाणी घालून ढवळलें असतां एक चिकट द्रव्य वेगळें होतें, तें लेसिथिन. चॉकोलेटापासून औषधांपर्यंत त्याला मागणी आहे. नंतर कॉस्टिक सोडा घातला म्हणजे तेलांतील मोकळ्या आम्लांचा साबण बनून तळाशीं बसतो. सरकीच्या तेलास काळसर तांबडा रंग देणारें गॉसिपॉल हें विषारी द्रव्यही बहुतांशीं या गाळाबरोबरच जातें. शेवटीं निर्वात भांड्यांत तापलेल्या तेलांतून वाफ सोडून त्याचा वास काढतात. ती वाफ थंड केल्यावर जो थोडासा अर्क हातीं लागतो, तो सर्वांत मोलाचा. त्यांत टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, आणि स्टेरॉल असतात. अमेरिकेंत पर्सी ज्यूलियन या रसायनशास्त्रज्ञानें १९४० च्या सुमारास सोयाबीनच्या स्टेरॉलांपासून प्रोजेस्टेरॉन हें संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार केलें, आणि एक दुर्मिळ औषध रुग्णांच्या आटोक्यांत येऊं लागलें.

आतां इंधनाकडे वळूं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत भुईमुगाच्या तेलावर चालणारें एक डीझेल इंजिन होतें. पण तेल दाट. आजच्या इंजिनांस तें तसेंच सोसत नाहीं. म्हणून १०० किलो तेलास सुमारें ११ किलो मेथॅनॉल आणि किंचित् अल्कली घालून तें साधारण ६० अंशांवर ढवळतात. जवळजवळ तितकेंच पातळ बायोडीझेल वर येतें, आणि सुमारें १० किलो ग्लिसरीन खालीं बसतें. साबणी गाळ वापरावयाचा, तर आधीं आम्लाची प्रक्रिया करावी लागते; नाहीं तर पुन्हा साबणच पदरीं पडतो.

मग सगळें तेलच इंजिनांत कां घालूं नये, असें कोणी विचारील. तसें करणें हा अविचार होईल. खाद्यतेलाच्या आपल्या गरजेपैकीं निम्म्याहून अधिक भाग देशाला बाहेरून आणावा लागतो. २०१८ च्या जैवइंधन धोरणानें २०३० पर्यंत डीझेलमध्यें ५ टक्के बायोडीझेल मिसळण्याचें उद्दिष्ट ठेवलें आहे. पण त्याची वाट कढईंतून जातां कामा नये. आधीं मोलाचें काढावें, खाण्याचें खावें, आणि जें दोहोंसही निरुपयोगी तेंच जाळावें.

ज्या जिल्ह्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं घर सोडतात, तेथें हा क्रम केवळ रसायनशास्त्राचा उरत नाहीं. बी कच्चें विकलें, कीं त्याच्या पोटांतील धनही परगांवीं जातें. अर्क काढण्याचीं निर्वात यंत्रें लहान गिरणीस परवडणार नाहींत, हें खरें. परंतु अनेक गिरण्यांचा गाळ एकत्र करून त्याचें इंधन आणि ग्लिसरीन करणें तितकें दुष्प्राप्य नाहीं.

आणि आपल्या घरांतील कढई? तळून तळून काळें पडलेलें तेल आरोग्यास घातक. म्हणूनच १ जुलै २०१८ पासून त्यांतील ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. असें तेल मोरींत ओतूं नये, आणि पुन्हा अन्नासाठीं वापरणाऱ्यास तर मुळींच देऊं नये. तें गाळून, बरणींत सांठवून, बायोडीझेलसाठीं गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करावें. अनारसे आणि चकल्या तळून झाल्यावर उरलेल्या त्या तेलांतही एखादें इंजिन कांहीं अंतर ओढण्याचें सामर्थ्य शिल्लक असतें.