घरघर पुन्हा का येते?



कोंबड्यांची घरघर आपल्याला नवी नाही. औषध पाजले की थांबते, थंडी पडली की पुन्हा नाके गळतात, अंडी घटतात. आपण म्हणतो, औषधच खोटे. कधी असेलही. पण जंतूची लबाडी त्याहून मोठी आहे.

या सीआरडीचा जंतू मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम. त्याला पेशीभित्तिकाच नाही, म्हणून पेनिसिलिन चालत नाही. २००३ साली त्याच्या एका वाणाचा जनुकसंच वाचून झाला. सगळी मिळून जेमतेम दहा लाख अक्षरे, आणि त्यातला दहावा हिस्सा एकाच कुळाने अडवलेला! व्हीएलएचए हे ते कूळ, जनुके ४३. ती जंतूच्या अंगावरचे प्रथिन घडवतात, पण एका वेळी मुख्यतः एकच चालू. जनुकाच्या अगोदर ‘जीएए’ ही तीन अक्षरे बरोबर १२ वेळा असली तर ते चालते. एखादी खेप कमीजास्त झाली की बंद. मग दुसरे चालू होते. कोंबडीचे शरीर एक अंगरखा ओळखते, तोवर जंतू दुसरा घालतो.

म्हणून बरी दिसणारी कोंबडीही जंतू बाळगते आणि तो अंड्यातून पिलात उतरतो. आम्ही पिले विकणाऱ्याला विचारतो: आईबाप कळपाचे रक्त मायकोप्लाझ्मासाठी केव्हा तपासले? तारखेचा कागद दाखवा. तपासणी अवघड नाही. काचपट्टीवर रक्तजल आणि रंगीत अँटिजेन मिसळले की दोन मिनिटांत गुठळ्या दिसतात. लस दिलेल्या कळपातही त्या येऊ शकतात, तेव्हा लसीची नोंदही मागायची.