रक्तस्रावावरील उतारा : लाभ आणि जोखीम



हृदयात कृत्रिम झडप बसविलेल्या किंवा ज्यांचे ठोके अनियमित आहेत अशा अनेक रुग्णांना रक्त पातळ करणारी औषधे दिली जातात. वस्तुतः ही औषधे रक्त पातळ करीत नाहीत. ते गोठण्याची क्रिया मंदावतात. त्यामुळे गुठळी टळते. परंतु अपघातात डोक्यास मार लागल्यास रक्तस्राव लवकर थांबत नाही.

अशा वेळी उतारा द्यावा लागतो. १९५४ पासून माणसांसाठी वापरात असलेल्या वॉरफॅरिनवर 'के' जीवनसत्त्व हा उतारा होय. मात्र त्याचा गुण येण्यास काही तास लागतात. म्हणून प्राणसंकटात रक्त गोठविणारे घटकही शिरेतून देतात. डॅबिगाट्रानवरील इडारुसिझुमॅब या उताऱ्यास अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

तथापि उतारा दिला की मूळ गुठळीचे भय पुन्हा डोके वर काढते. अँडेक्सानेट या उताऱ्याची मेंदूतील रक्तस्रावावर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तस्राव अधिक चांगला आटोक्यात आला. परंतु गुठळीजन्य विकार नेहमीच्या उपचारात ५.६ टक्के, तर या उताऱ्याने १०.३ टक्के रुग्णांत आढळले. आगीतून निघून फुफाट्यात पडू नये, यासाठी हा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो.

त्या निर्णयास आपणही हातभार लावू शकतो. औषधाचे नाव व मात्रा लिहिलेली चिठ्ठी रुग्णाने सदैव जवळ बाळगावी. रुग्णालयात नेताना शेवटची गोळी केव्हा घेतली, हे आवर्जून सांगावे. भीतीपोटी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढे घरोघर पोहोचविले, तरी अनेकांचे प्राण वाचू शकतील.