टाकीजवळचा अशोक
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



मला सोसायटीतल्या झाडांवर पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. मी एकाच झाडावर बोलतो. ए विंगच्या कोपऱ्यातलं, पाण्याच्या टाकीजवळचं.

आधी एक खुलासा. गेटजवळ पहारेकऱ्यासारखी उभी आहेत ती उंच झाडं म्हणजे खरा अशोक नव्हे, तो आसुपालव. खरा हा, सीतेचा अशोक. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त मालविकेच्या लाथेनं फुलतो तो. आपल्याकडे लाथा बऱ्याच बसल्या, पण फुलायला नऊ वर्षं लागली!

याची नवी पालवी तांबूस-जांभळी आणि अगदी लुळी, मान टाकल्यासारखी लोंबते. पहिल्या वर्षी मला वाटलं, रोप गेलं. मी पाणी वाढवलं, वर औषधही फवारलं. पंधरा दिवसांत पानं आपोआप ताठ आणि हिरवी झाली. रोगबिग काही नव्हता. फुलं येतात माघ-फाल्गुनात, तीही जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर. उमलताना पिवळी-केशरी, मग लाल होत जातात. गंमत म्हणजे या फुलाला पाकळ्याच नसतात. रंग दिसतो तो निदलांचा.

आता माझी चूक. बाराव्या वर्षी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले. सेक्रेटरी मी होतो, ठरावावर सही माझी. ब्लॉक पार बुंध्याला भिडवले. या झाडाला ओलसर, मोकळी माती आणि थोडी सावली लागते. सावली इमारतीची होती, माती आम्ही झाकली. पुढच्या वर्षी पालवी फुटलीच नाही, शेंडे वाळले.

हे रोप पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी रिक्षातून मांडीवर धरून आणलं होतं. त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी बादली घेऊन खाली यायच्या आणि बुंध्याशी ओतायच्या. पाणी ब्लॉकवरून गटारात जायचं. मी गॅलरीतून बघायचो. आठवडाभर बघितलं, मग मात्र बघवेना.

बुंध्याभोवती चार फूट ब्लॉक उखडले, खालची खडी काढली, शेणखत घातलं, वर पालापाचोळा पसरला. एक पार्किंग गेलं, ते माझंच. जनरल बॉडीत त्यावरून काय काय बोललं गेलं ते इतिवृत्तात आहे, इथे नको. तांबडी पालवी दिसायला दोन पावसाळे गेले. त्या दिवशी काकूंनी बेल वाजवून मला खाली नेलं.

यंदा शेंगा चांगल्या धरल्यात. बी फार दिवस टिकत नाही, ताजंच पेरावं लागतं. ज्यांना हवं त्यांनी नाव काकूंकडे द्या, त्या समोरच बसल्यात. आणि कुंडी आधी भरून ठेवा, बी मिळाल्यावर नव्हे.