खटका पडतो तो का?



मीटरजवळच्या पेटीत फ्यूजच्या जागी आता खटके आले आहेत. त्यांतल्या एका रुंद खटक्यावर लहानसं बटण असतं. त्याच्याजवळ 'टी' किंवा 'टेस्ट' अशी खूण असते. हा आरसीसीबी. कुणी त्याला ईएलसीबीही म्हणतात. पावसाळ्यात तो वरचेवर पडू लागला, की घरात कोणीतरी म्हणतंच, "काढून टाका ती कटकट, वायर सरळ जोडा." असं मुळीच करू नका. आधी त्याचं काम समजून घ्या.

फेजच्या तारेनं जेवढी वीज जाते, तेवढीच न्यूट्रलनं परत आली पाहिजे. कमी आली, तर ती ओल्या भिंतीतून, मोटरच्या अंगातून, नाहीतर माणसाच्या अंगातून जमिनीत गेली. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअरची गळती होताच क्षणात पुरवठा तोडतो. शेजारच्या 16 अँपिअरच्या एमसीबीला एवढीशी गळती कळतच नाही. त्याचा आकडा पाचशेपटीहून मोठा. तो तारा जळू नयेत म्हणून आहे, माणूस वाचावा म्हणून नव्हे.

आता पहिलं काम. हात कोरडे ठेवा, पायांत चप्पल घाला, आणि वीज चालू असताना ते बटण दाबा. खटका पडला नाही, तर तो निकामी समजा आणि वायरमनला बोलवा. पडला, तर तसाच राहू द्या. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मग मोबाइलचा चार्जर किंवा टेबललॅम्प घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक सॉकेटला लावून बघा. जिथं वीज नाही, ते सॉकेट राखणीत आहे. जिथं दिवा लागला, ते राखणीबाहेर! गोठ्यातला दिवा, न्हाणीघरातला गीझर, अंगणातली मोटर हमखास बघा. मागाहून ओढलेली लाइन पुष्कळदा परस्पर मीटरपासून घेतलेली असते, आणि ओल नेमकी तिथंच असते.

दुसरं काम, खटका आपोआप पडत असेल तेव्हाचं. सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. मग एकेक एमसीबी वर करा. ज्याच्यामुळं तो पडेल, दोष त्या लाइनीत. एकानंही पडला नाही, तर एकेक उपकरण लावा. पाणी तापवायचा रॉड, जुना मिक्सर, मोटर, यांतलं कोणीतरी सापडेल. सगळे एमसीबी खाली असतानाच तो पडत असेल, तर न्यूट्रल कुठंतरी अर्थिंगला लागली असण्याचा संभव आहे. कारण साधा एमसीबी फक्त फेज तोडतो. ते काम वायरमनचं, आपण पेटी उघडू नये.

एक ध्यानात ठेवा. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आली, तर हा राखणदारही फसतो. गेली तेवढी वीज परत आली, असंच त्याला दिसतं. आणि अर्थिंग चांगलं हवंच. ते असलं, की बिघडलेल्या मोटरला हात लागण्याआधीच खटका पडतो.

शिक्षकमित्रहो, शाळेचा बोर्डही असाच तपासून घ्या. महिन्यातून एकदा बटण दाबायची आठवण घरी मोठ्यांना करून द्यायला मुलांना सांगा. मुलं असली आठवण विसरत नाहीत, बरं का!