घरांतील चोरटा कुत्रा

आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण सर्वांच्या कानांवरून गेलेली आहे. ती ऐकतांना बहुतेकांचा राग कुत्र्यावर जातो. वस्तुतः म्हणीचा रोख दळणाराकडे आहे. पीठ उघडें होतें, पाहणारें कोणी नव्हतें आणि भूक जवळच बसली होती. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर जें घडायचें तेंच घडलें. ज्या घरांत कुत्रा पाळलेला आहे आणि दुधावरची साय किंवा दुरडींतील भाकरी अधूनमधून नाहींशी होते, त्या घरानें या म्हणीचा नीट विचार करावा.

अशा घरांतील देखावा ऐकणाऱ्यांपैकीं अनेकांच्या परिचयाचा असेल. गृहिणी दाराशीं भाजीवाल्याला पैसे द्यायला जाते आणि परत येते तों नैवेद्याचें पान उष्टें झालेलें असतें. आजीबाईंचें सोवळें मोडतें, घरधनी काठी शोधूं लागतात, मुलें कुत्र्याला पाठीशीं घालतात, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत कुत्रा घरांत ठेवावा कीं नाहीं येथपर्यंत वाद येऊन पोंचतो. कांहीं कुत्रे अशाच एखाद्या भांडणानंतर गांवाबाहेर सोडले जातात. म्हणजे प्रश्न केवळ एका भाकरीचा राहत नाहीं. विश्वासानें घरांत राहिलेल्या मुक्या जिवाच्या आसऱ्याचा होतो.

हा सहवास कालचा नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यांत, श्रीरामपूर तालुक्यांत, प्रवरेच्या काठीं दायमाबाद नांवाचें स्थळ आहे. तेथें १९७४ सालीं काशाच्या चार भरीव प्रतिमा सांपडल्या. हत्ती, गेंडा आणि रेडा यांच्यासोबत बैल जोडलेला एक रथ आहे. रथांत माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. बहुतेक पंडित या प्रतिमा उत्तर-हडप्पा काळांतील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वींच्या मानतात. त्या कारागिराला माणसाशेजारीं कुत्रा दाखवावासा वाटला, यांतच त्यांच्या सोबतीची साक्ष आहे.

या सोबतीनें कुत्र्याचें पोटहि बदलून टाकलें. २०१३ सालीं स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकारानें लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. धान्यांतील पिष्ट पचविणाऱ्या रसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यांत दोन आढळल्या, तर कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत. बाजरीच्या भाकरीवर कुत्र्याची नजर जाते ती उगाच नव्हे. शिकाऱ्याचा वंशज माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर वाढला आणि माणसाच्या अन्नाचा वाटेकरी झाला. ज्याला आपण चोरी म्हणतों तें त्याच्या लेखीं सांपडलेलें अन्न उचलणें एवढेंच असतें.

पण मग रागावल्यावर तो कान पाडून, नजर चुकवून, शेपूट पायांत घालून बसतो, तो अपराध समजल्याशिवाय कां? याचा शोध अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन विदुषींनीं घेतला आणि २००९ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांनीं चौदा कुत्रे घेतले. कधीं कुत्र्यानें मना केलेला खाऊ खाल्ला असे, कधीं नसे. धन्याला मात्र जें सांगितलें जाई तें नेहमीं खरें नसे. निष्कर्ष असा निघाला कीं, ती अपराधी मुद्रा खाण्यावर नव्हे, तर धन्याच्या रागावण्यावर अवलंबून होती. न खाल्लेला कुत्राहि रागावल्यावर तसाच ओशाळला. तेव्हां तासाभरानें हातीं घेतलेली काठी कुत्र्याला न्याय वाटत नाहीं. धनी अकारण चिडतो एवढेंच त्याला कळतें.

खरा उपाय स्वयंपाकघरापासून सुरू होतो. पूर्वींच्या घरांत शिंकें होतें, फडताळ होतें, जाळीचें कपाट होतें; आजच्या ओट्याच्या कडेशीं परात उघडी राहते. एकदां भाकरी मिळाली कीं पुढें दहा वेळां हात हालवीत परतावें लागलें तरी कुत्रा अकराव्यांदा पाहून जातोच. म्हणून एकहि घबाड त्याच्या हातीं लागूं न देणें हें शंभर फटक्यांहून अधिक गुणकारी ठरतें. त्याच्या जेवणाच्या वेळा ठराविक असाव्यात, पानांतला घास त्याला कोणी घालूं नये, आणि उंबरठ्याबाहेर शांत बसल्याबद्दल बक्षीस तेथेंच मिळावें. तोंडांत कांहीं धरलेंच, तर मागें धावूं नये. धावल्यानें तो तें घाईनें गिळतो. त्याहून आवडता पदार्थ पुढें करून तें सोडवून घ्यावें. भूक एकाएकीं वाढली असेल, तर जंत किंवा मधुमेहासारखा आजारहि संभवतो, पशुवैद्यांना दाखवावें.

झांकण घालण्याचें याहून गंभीर कारण आहे. घोडेगांवच्या बाजारांत ज्याचे ढीग लागतात तो कांदा कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट करतो. लसूणहि त्याच जातीचा. द्राक्षें आणि बेदाणे यांनीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. चॉकोलेट, शिजलेलीं हाडें, साखरेऐवजीं वापरला जाणारा झायलिटॉल हे पदार्थहि घातक आहेत. शिऱ्यांतल्या बेदाण्यांची चोरी घराला चार घासांची, पण कुत्र्याला प्राणांची पडूं शकते.

याच जिल्ह्यांतील राहुरी तालुक्यांत, ताहराबादेस, संतांचीं चरित्रें ओवीबद्ध करणारे महिपती राहत. संतकथांच्या या परंपरेंत नामदेवांची एक कथा घरोघर सांगितली जाते. कुत्र्यानें भाकरी पळविली, तेव्हां नामदेव काठी नव्हे, तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धावले. कोरडी भाकरी त्याला कशी खावेल, एवढीच त्यांची चिंता. सामान्य गृहस्थाला ही पायरी गांठतां येणार नाहीं, आणि नैवेद्याचें पान उष्टें झाल्यावर तुपाची वाटी हातीं येणेंहि कठीण. पण भाकरीवर झांकण ठेवणें आणि काठी कोपऱ्यांत राहूं देणें कोणत्याहि घराला साधण्यासारखें आहे. दळणारें डोळस झालें, म्हणजे पीठहि राहतें आणि कुत्राहि घरांत राहतो.