अँटेनाचा कल कोणाकडे?

(मुलुंड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मोबाईलच्या अँटेनाविषयी मुंबईच्या इतर उपनगरांप्रमाणे मुलुंडमध्येही दोन तक्रारी ऐकू येतात. गच्चीवरचा अँटेना हलवा, ही एक. घरात फोन लागत नाही, ही दुसरी. पुष्कळदा दोन्ही अर्ज एकाच इमारतीतून निघतात. दोन्ही अर्जांत अँटेना असावा की नसावा एवढाच विचार असतो. तो कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे आणि किती अंशांनी झुकलेला आहे, हे कोणी विचारीत नाही. वस्तुतः फोन लागणे वा न लागणे बऱ्याच अंशी या झुकावावर ठरते. आणि तो झुकाव कोणाच्या सोयीने ठरावा, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसला तरी मुळात वाटपाचा, म्हणजे अर्थकारणाचा आहे.

गच्चीवर दिसणारी ती उभी, चपटी पेटी कंदिलासारखा चहूकडे प्रकाश टाकीत नाही. तिचा झोत विजेरीसारखा असतो. सामान्यतः एका जागी तीन दिशांना तोंड करून अशा पेट्या बसवितात. आडवा झोत बराच रुंद, उभा झोत मात्र अवघा सहा ते दहा अंशांचा. तीस मीटर उंचीवरचा अँटेना दोन अंश खाली झुकविला तर झोताचा मध्य सुमारे 860 मीटरवर जमिनीला टेकतो. सहा अंश झुकविला तर 285 मीटरवर, दहा अंशांवर 170 मीटरवर. म्हणजे दोनाचे सहा अंश केले की अर्ध्या किलोमीटरहून अधिक पट्टा मुख्य झोताच्या बाहेर पडतो.

असा झुकाव द्यावाच का लागतो? 1995 साली मुंबईत सेल्युलर सेवा सुरू झाली तेव्हा परवाना अवघ्या दोन कंपन्यांकडे होता, बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात होता आणि ग्राहक मोजके होते. तेव्हा उंच जागा शोधून झोत दूरवर फेकणे परवडत असे. ग्राहक वाढले, तशा त्याच लहरी जवळजवळच्या अँटेनांना पुनःपुन्हा वापराव्या लागल्या. आता एकाचा लांब गेलेला झोत दुसऱ्याच्या क्षेत्रात गोंगाट ठरतो. म्हणून प्रत्येकाने आपापल्या पायाशी पाहावे, हा नियम झाला. ही गरज खरी आहे. कंपन्यांचा डाव म्हणून ती उडवून लावणे कार्यकर्त्याला शोभणारे नाही. पूर्वी त्यासाठी माणूस वर चढून पेटीचा बिजागर फिरवीत असे. आता पेटीच्या आतल्या घटकांतील लहरींचा मेळ बदलून, दूरच्या नियंत्रणकक्षातून, पेटी तसूभरही न हलविता झोत खाली-वर करता येतो. खालच्या वस्तीला त्याचा पत्ताही लागत नाही.

मुलुंडची भूमी या यंत्रणेची परीक्षा पाहणारी आहे. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी, मध्ये सरळ आखलेल्या रस्त्यांची जुनी मध्यमवर्गीय वसाहत, आणि लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले गगनचुंबी मनोरे. सात मजली इमारतीच्या गच्चीवरील अँटेना रस्त्याकडे झुकविला की मधल्या वसाहतीचे काम भागते. पूर्वेकडे मिठागरांच्या सपाटीवर आणि खाडीच्या पाण्यावर आडोसा असा नाहीच. तिथे पलतीरावरचा झोतही फारसा न अडता येऊ शकतो. मनोऱ्याच्या तिसाव्या मजल्यावर निराळीच अवस्था. तिथून दूरदूरचे अनेक अँटेना दिसतात, पण कोणा एकाचाही जोर नसतो. फोनवर रेघा भरलेल्या दिसतात आणि संभाषण तुटते. मात्र तिथल्या रहिवाशांच्या हाती उपाय आहेत: इमारतीच्या आत वेगळी उपकरणे बसविता येतात, घरात वायफाय असते.

हनुमान पाडा किंवा अमर नगर यांसारख्या डोंगराच्या कुशीतल्या वस्त्यांचे काय? चढणीवरील घर पुष्कळदा खालच्या गच्चीच्या पातळीला किंवा तिच्याही वर असते. खाली झुकलेला झोत अशा घराच्या पायथ्याशी संपतो. त्या घरासाठी झोत वर उचलावा, तर रस्त्यावरची सेवा बिघडते. वस्तीतच स्वतंत्र अँटेना उभारावा, तर त्याला पक्की इमारत, परवानगीचे कागद आणि भाडेकरारावर सही करणारा मालक लागतो. ज्यांच्या घराच्या हक्काचा निकाल वर्षानुवर्षे लागत नाही, त्यांच्या वस्तीत सही कोणी करावी? मागच्या बाजूने पाहणारा अँटेना बसवावा, तर तिथे संरक्षित वन आहे.

याच डोंगररांगेच्या पलीकडे गोरेगाव आहे. तिथे मृणाल गोरे यांनी पाण्याचा लढा उभारला तेव्हा उपनगरांना एक गोष्ट कळून चुकली होती: नळ असणे आणि नळाला पाणी असणे यांत फार मोठे अंतर आहे. आज फोन हातात असणे आणि तो लागणे यांतले अंतर त्याच जातीचे आहे. रेशन दुकानातील अंगठा घेणारे यंत्र संकेताविना चालत नाही. बँकेचा सांकेतिक क्रमांक फोनवर येतो. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेही फोनवरील अॅपमधून. फोन ही चैन होती, तोवर कंपनीने कुठे सेवा द्यावी हा तिचा प्रश्न होता. राज्यसंस्थेनेच आपले दार फोनमध्ये बसविल्यावर तो तसा राहात नाही.

मग या सेवेचे मोजमाप कसे होते? इथे सरासरीचा आणि टक्केवारीचा खेळ लक्षात घेतला पाहिजे. 2010 च्या तिसऱ्या पिढीच्या लिलावात, ज्यातून सरकारला सुमारे 67,700 कोटी रुपये मिळाले, महानगरांसाठी अट होती ती पाच वर्षांत नव्वद टक्के क्षेत्रात सेवा देण्याची, आणि तीही रस्त्याच्या पातळीवर. घरातल्या आणि पायऱ्या चढून गेल्यावरच्या सेवेचा त्यात हिशेब नाही. 2017 साली नियामक प्राधिकरणाने संभाषण तुटण्याचे निकष बदलले. त्यांतही नव्वद टक्के सेलमध्ये, नव्वद टक्के दिवस, हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असावे असे ठरले. उरलेले दहा टक्के सेल कोणते? ते रोज बदलत असते तर तक्रारीला जागा नव्हती. लॉटरीतल्याप्रमाणे तोटा सर्वांच्या वाट्याला थोडाथोडा आला असता. पण डोंगर जागचा हलत नाही. तेव्हा वगळलेल्या दहांत त्याच त्या वस्त्या पुनःपुन्हा सापडण्याचा संभव अधिक, आणि निकष तर पूर्ण झालेला! शिवाय हे मोजमाप परवान्याच्या संपूर्ण परिमंडळाचे असते. मलबार हिलची उत्तम सेवा आणि मुलुंडच्या टेकडीवरची रखडलेली सेवा एकाच कोष्टकात विरघळतात.

तुटलेल्या प्रत्येक संभाषणामागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, अशी भरपाई कंपन्यांनी द्यावी, असा नियम प्राधिकरणाने ऑक्टोबर 2015 मध्ये केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2016 रोजी तो मनमानी ठरवून रद्द केला. रक्कम क्षुल्लक होती. पण दोष ग्राहकाच्या जागेवर मोजावा, हे तत्त्व तिच्यात होते आणि रुपयाबरोबर तेही गेले. 2024 च्या नव्या विनियमांनी मोजमाप तिमाहीऐवजी महिन्याचे केले आणि सेवेचा नकाशा प्रसिद्ध करणे बंधनकारक केले, हे पाऊल पुढचे आहे. मात्र नकाशातला रंग म्हणजे घरात लागलेला फोन नव्हे.

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्ये, मुंबईत पहिला सेल्युलर फोन वाजण्यापूर्वीच, सांगून ठेवले आहे. या मालमत्तेचे मोल लिलावात वसूल झाले की लोकांचा हक्क फिटला, अशी सरकारची समजूत दिसते. 2022 च्या पाचव्या पिढीच्या लिलावात दीड लाख कोटींची बोली लागली. एवढ्या किमतीला मालमत्ता वापरायला देणाऱ्या मालकाने, ती कुठल्या आळीत वापरली जाते आणि कुठल्या आळीत नाही, याची विचारपूस करू नये, हे नवलच आहे.

गच्चीवरून अँटेना हलविण्याच्या मागणीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली आहे. तिचे पालन होते की नाही हे तपासावेच. चार हजार रुपये भरून कोणत्याही जागेची मोजणी मागण्याची सोय दूरसंचार विभागाने केली आहे. ही फी वस्तीला परवडणारी नाही, ती महापालिकेने भरावी. पण अँटेना दूर गेला की हातातला फोन त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःची शक्ती वाढवतो, आणि फोन असतो कानाला. शिवाय सोसायटीने अँटेना काढायला लावला तर त्याची झळ तिच्यापेक्षा मागच्या चढणीवरील घरांना अधिक लागू शकते. त्यांना त्या ठरावावर मत नसते.

तेव्हा मुलुंडच्या शाखेपुढे काम आहे ते असे. चढणीवरील एकेका गल्लीत, ठरावीक वेळी, प्रत्येक कंपनीचा फोन किती वेळा लागला आणि किती वेळा तुटला, याची महिनाभर वही ठेवावी; घरात आणि घराबाहेर अशी नोंद वेगळी करावी. ती वही घेऊन सेलवार आकडे आणि प्रत्येक अँटेनाची उंची, दिशा व झुकाव यांची माहिती प्राधिकरणाकडे व दूरसंचार विभागाकडे मागावी. व्यापारी गुपित म्हणून नकार आला तर तो लेखी घ्यावा. आणि महापालिकेच्या शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या यांच्या आसपास, नियमांत बसेल तिथे, चढणीकडे तोंड करणाऱ्या लहान अँटेनांसाठी जागा देता येईल का, हा प्रश्न प्रभाग समितीत लावून धरावा. भाडे घ्यावे, पण करारात एक कलम असावे: झोताचा कल बदलायचा असेल तर तो वॉर्ड कार्यालयाला आधी कळविल्याशिवाय बदलता येणार नाही.